कैफियतीचा रकाना

भाद्रपद लागला की आमच्या मागचा कुंटा भरतो. कुंटा म्हणजे लहानसा तलाव. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेली आम्ही मराठी माणसं त्याला तळं म्हणायचं केव्हाच विसरून गेलो आहोत. पाणी चढायला लागलं की काठावरचे बगळे आमच्या कंपाउंडकडे सरकतात, ऊन कलल्यापासून बेडूक ओरडायला लागतात आणि मागच्या गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलांना शेवाळाचा वास येतो. परवा सकाळी मी असाच एक टॉवेल हुंगून, नाक मुरडून पुन्हा दोरीवर टाकत होते, तेवढ्यात कुठूनतरी बुलडोझरची घरघर ऐकू आली. पलीकडच्या रस्त्याचं काम चाललं असावं. मी दुसरा टॉवेल झटकला, आत आले, चहाचं आधण ठेवलं. त्याला उकळी फुटली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तो आवाज ऐकून आज मी हातातलं काम टाकून कठड्याशी धावले नाही.

गेल्या भाद्रपदात असं नव्हतं. तेव्हा त्या घरघरीवर आमच्या अख्ख्या बिल्डिंगचे जीव टांगणीला लागले होते.

शहरातल्या तलावांत उभी राहिलेली बांधकामं पाडायला सरकारनं तेव्हा सुरुवात केली होती. आता सांगायला हरकत नाही, मोहीम सुरू झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कुणा बड्या माणसाचं पाण्यातलं फार्महाऊस टीव्हीवर कोसळताना पाहून मी टाळी वाजवली होती. शाळेच्या स्टाफरूममध्ये (मी जामबागेतल्या एका शाळेत मराठी शिकवते) आम्ही डबे उघडून बसायचो आणि काल काय पडलं याची चर्चा करायचो, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तशी. दुसऱ्याचं घर पडत असतं तेव्हा न्याय फार देखणा दिसतो. मग हळूहळू बातम्यांमधली गावं ओळखीची व्हायला लागली. मग आमच्या बसच्या रस्त्यावरची. मग एके दिवशी भेंड्या तोलता तोलता गाडीवाल्यानं विचारलं, "अम्मा, आपकी बिल्डिंग लाइन के अंदर है के बाहर?" मी म्हटलं, "बाहर." म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत पिशवीचे बंद तळहातात रुतले होते, इतक्या घट्ट मुठी आवळून मी चालत होते.

कारण तलावाच्या हद्दीच्या रेघेआत की बाहेर, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

फ्लॅट घेताना आम्ही काय पाहिलं होतं? खरं सांगायचं तर माणूस पाहिला होता. माझे वडील, अण्णा, चाळीस वर्षं गौलीगुड्यात बस स्टँडमागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहिले. माझे यजमान गेल्यावर मी आणि माझी मुलगी केतकी, दोघी त्यांच्याकडेच राहायला गेलो. तिथं नळाला पाणी यायचं ते शेजाऱ्यांच्या भांडणासकट. अण्णांनी गावाकडची वाटणी विकली, मी माझं होतं नव्हतं ते काढलं आणि तिघांसाठी एक घर शोधायला निघालो. बिल्डरच्या ऑफिसात व्यंकटेशाच्या तसबिरीशेजारी तुळजाभवानीची तसबीर होती. आमची नावं ऐकताच तो उठून उभा राहिला. "या या, बसा. कुठले तुम्ही? उदगीरकडचे? मग घरचेच झालो की आपण!"

झालं. हैदराबादेतल्या मराठी माणसाची ही खोडच आहे. तो भाजीवाल्याशी तेलुगूत घासाघीस करील, रिक्षावाल्याशी दख्खनीत तासभर भांडेल, पण टेबलापलीकडून कुणी 'चहा घेणार ना?' असं शुद्ध मराठीत विचारलं की त्याची सगळी अक्कल लोण्यासारखी पाघळते. अण्णांचंही तेच झालं. आणि अण्णांच्या बाबतीत ते जास्तच लाजिरवाणं होतं, कारण जन्मभर त्यांनी काम केलं होतं ते जमिनीचे जुने कागद वाचण्याचं. त्यांचं शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूतून सुरू झालेलं. पुढे महसूल कचेरीत ते मुतर्जिम झाले, म्हणजे भाषांतरकार. जुन्या संस्थानाचं सगळं दप्तर उर्दूत, तेही शिकस्ता नावाच्या घसरत्या कारकुनी अक्षरात. आपली मोडी असते ना, तसंच काहीसं. उर्दू वाचणारी माणसं या शहरात गल्लोगल्ली सापडतील. शिकस्ता वाचणारी एका हाताच्या बोटांवर. गौलीगुड्याच्या आमच्या खोलीत परगावचे लोक पिशव्यांत कागद घेऊन यायचे. अण्णा हात धुवायचे, पंच्याला कोरडे करायचे, कागद एकदा मनातल्या मनात वाचायचे आणि मगच तोंड उघडायचे. आणि हाच माणूस स्वतःच्या घराचा जुना कागद न मागता सही करून आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

बिल्डरनं आम्हाला एक जाडजूड फाईल दिली होती. तिच्यात परवानग्या, दाखले, नकाशे, आणि प्रत्येक पानावर इतके शिक्के की मजकूर शोधावा लागे. मी ती कपाटात साड्यांखाली ठेवली होती आणि मला ती तिथं आहे याचाच आधार वाटायचा. गेल्या भाद्रपदात मला कळलं, की आमच्या मागं अगदी पाण्याला लागून जी तिमजली घरांची रांग होती, त्या लोकांकडेही अशीच फाईल होती, तितकीच जाड.

ती रांग एका रविवारी सकाळी पडली. मी गॅलरीतून पाहिलं. आधी माणसं बाहेर आली, मग गाद्या, मग फ्रिज, मग गणपतीसाठी आणलेलं मखर. एक बाई, माझ्याच वयाची, हातात नुसता मिसळणाचा डबा घेऊन उभी होती. बाकीचं सामान उचलायला लोक धावत होते, तिला मात्र तो डबा खाली ठेवायचं सुचत नव्हतं. मध्येच ती तिथल्या शिपायाला म्हणाली, "परमिशन है भाई, देखो ना, परमिशन है!" शिपाई खाली मान घालून म्हणाला, "सबके पास है, अम्मा." मी आत येऊन दार लावून घेतलं. मला त्या बाईची दया आली, आणि त्याच क्षणी, तिचं घर गेलं, आपलं अजून आहे, या विचारानं बरंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

आमच्या शहरात लाच हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. इथं म्हणतात मामूल. मामूल म्हणजे नेहमीचं, रिवाजाचं. दुकानदार दारात उभ्या शिपायाला मामूल देतो, ठेकेदार इंजिनिअरला देतो, इंजिनिअर वर देतो, आणि प्रत्येक जण ते सकाळच्या इराणी चहाइतक्या सहजपणे देतो. अण्णांनी नोकरीत मामूल घेतलं नाही. ते काही फार मोठे संत नव्हते, पत्त्यांत तर सर्रास लबाडी करायचे. पण कागदाच्या बाबतीत त्यांचा हात स्वच्छ होता आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. मला वाटायचं, घेणारे घेतात, देणारे देतात, आपल्याला काय त्याचं? आपण आपल्या घरात बसलो आहोत. त्या रविवारी कळलं, की कुणीतरी कधीतरी मामूल घेऊन तलावाला जमीन म्हटलं होतं, आणि आपण त्याच शब्दावर गॅसची शेगडी मांडून बसलो आहोत. ज्यानं सही केली त्या साहेबाची बदली झाली होती, म्हणे बढतीवर. आणि आमच्या घरच्या, उदगीरकडच्या बिल्डरचा फोन लागत नव्हता.

मग सगळ्यावरचाच विश्वास उडाला. कंपाउंडमध्ये कुणी म्हणालं, आमदाराला भेटू, तर दुसरा म्हणाला, तोच तर भागीदार आहे. कुणी म्हणालं, कोर्टात जाऊ, तर सगळे एकमेकांकडे पाहून हसले. वॉचमननं पाणी जातंय म्हणून सांगितलं तरी लोक खाली जाऊन टाकी बघून यायचे. केतकी म्हणायची, "आई, चिल कर ना. वर्स्ट केस, आपण रेंटवर जाऊ." तिला मराठी वाचायला लावलं तर तिसऱ्या ओळीला जांभई देते, पण धीर द्यायला तिच्याइतकं चांगलं कुणी नाही. मी म्हटलं, "आणि अण्णा? या वयात पुन्हा भाड्याच्या खोलीत?"

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी प्रसादराव. रिटायर्ड माणूस, उत्साही, आवाज मोठा. ते चार दिवस सरकारी दफ्तरखान्यात खेटे घालून एक नक्कल घेऊन आले. आमच्या सर्व्हे नंबरचं निजामाच्या काळातलं पत्रक. त्याला शेतवार म्हणतात. नाव मराठी, मजकूर उर्दू, आणि जमीन आता तेलंगणात. मोबाइलच्या भाषांतराच्या अॅपनं त्याचा फोटो बघून 'मजकूर आढळला नाही' असं सांगितलं. तेव्हा सगळ्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची आठवण झाली.

पार्किंगमध्ये बैठक भरली. अण्णांना खुर्ची दिली. त्यांनी हात धुवून घेतले, भिंग काढलं, कागद मनात वाचला. सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होते. शेवटच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. "जमीन पट्ट्याची आहे, म्हणजे खाजगी मालकीची, कोरडवाहू," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "शेवटच्या रकान्यात थोडं काही लिहिलंय. घरी नीट बघतो." टाळ्या थांबल्या. मोजणीच्या अधिकारी बाई दोन दिवसांनी येणार होत्या.

प्रसादरावांनी मला जिन्यात गाठलं. "अम्मा, टेन्शन पडकंडी," ते म्हणाले. टेन्शन घेऊ नका. आणि मग आवाज खाली आणून, "अण्णागारू से बात करो ना. पट्टा लँड है, इतना लिख दिए तो बस. वो लास्ट कॉलम रहने दो बोलो. किसकू समझता वो लिखावट अब? एक लाइन की तो बात है."

त्यांना मी तिथल्या तिथं नाही म्हटलं असतं, तर ही हकीगत मला ताठ मानेनं सांगता आली असती. मी म्हटलं, "बोलून बघते."

अण्णा पलंगावर बसून कागदाकडे बघत होते. मी दार लोटून घेतलं. "काय आहे त्या रकान्यात?"

"कैफियतीचा रकाना हाय तो," ते म्हणाले. घरी बोलताना अण्णांची भाषा अजून गावाकडचीच आहे. "शेरा म्हण. मागचा तुकडा, चिंचेच्या झाडापासून पाण्याकडचा, शिकमात जातो म्हणून लिहिलंय. शिकम म्हणजे तलावाचं पोट."

"म्हणजे आपली बिल्डिंग पोटात आहे?"

"ते मोजल्याबिगर कसं सांगू? झाड तर कवाच गेलंय. सर्व्हेचा दगड सापडला तर किती पावलं ते लिहिलंय. अलीकडं निघाली तर वाचलो. पलीकडं निघाली तर..."

मी खिडकीचा पडदा उगाच सारखा केला. "अण्णा, ती ओळ लिहिलीच नाही तर?"

त्यांनी मान वर केली. "कोण म्हनलं? प्रसादराव?"

"मीच म्हणतेय."

आयुष्यात मी त्यांच्याशी अनेकदा भांडले असेन, खोटंही बोलले असेन, पण त्यांना खोटं बोला असं कधी म्हटलं नव्हतं. ज्यांच्या नावाचा दाखला देऊन मी वर्गातल्या मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावायची, त्यांनाच मी एक ओळ खायला सांगत होते. भ्रष्टाचार म्हणजे कुठल्यातरी एसी केबिनमधल्या जाड्या माणसाचं काम, अशी माझी समजूत होती. तो असा घरचा गाऊन घालून, डोळ्यांत पाणी आणून, म्हाताऱ्या बापासमोर उभा राहतो हे मला माहीत नव्हतं. अण्णा रागावले नाहीत. भिंग पुसत एवढंच म्हणाले, "मला जरा इचार करू दे."

ते दोन दिवस मला अजून पाणी भरल्या कुंट्याच्या वासासकट आठवतात. अण्णांनी जेवण निम्म्यावर आणलं. टेबलाशी बसून ते लिहायचे, कागद बाजूला ठेवायचे, पुन्हा लिहायचे. काय लिहितायत ते विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी माझं ऐकावं असं मला वाटत होतं, आणि त्यांनी माझं ऐकलं तर मी पुन्हा त्यांच्या नजरेला नजर कशी देणार, असंही वाटत होतं. वर्गात मी 'समानार्थी शब्द' शिकवत होते आणि घर या शब्दाशी माझी गाडी अडली. घरी आल्यावर मी घरातल्या भिंतींना हात लावून बघायची. लहान मुलाचा ताप बघतात तशी.

अधिकारी बाई आल्या त्या सकाळी ऊन छान पडलं होतं. केतकीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल नसेल अशी मुलगी, पायात चिखलाचे बूट, डोळे जागरणानं लाल. बरोबर मोजणीची माणसं. प्रसादरावांनी पार्किंगमध्ये टेबल मांडून त्यावर काजू, बिस्किटं, चहा असा थाट केला होता. तिनं कशालाही हात लावला नाही. बॅगेतून कागदांचा एक गठ्ठा काढून टेबलावर आपटला आणि म्हणाली, "इस हफ्ते इतने ट्रान्सलेशन आए मेरे पास. सब कॉलनी के. सबका कैफियत खाली! इतना बडा तलाव, और एक के भी जमीन में पानी नहीं था क्या?"

प्रसादरावांनी घसा खाकरला आणि अण्णांकडे हात केला. अण्णा खुर्चीचा आधार घेत उठले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "कूर्चोंडी, तातगारू," ती म्हणाली. बसा, आजोबा. "आप खुद पढते ये? तो पढो. स्टँप नक्को, नोटरी नक्को. आप बोलो, मैं लिख लेती."

अण्णा बसले. त्यांनी जुनी नक्कल समोर घेतली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पट्टेदाराचं नाव, जमिनीचा कस, ज्वारी, एरंडी, आकार. बोट सरकत सरकत शेवटच्या रकान्यापाशी आलं. तेव्हाही मी मनातल्या मनात 'सोडा, अण्णा, सोडा' म्हणत होते. लपवून काय करू? अण्णांनी तो रकानाही वाचला. आधी उर्दूत, मग तिला समजेल अशा हिंदीत. चिंचेचं झाड, सर्व्हेच्या दगडापासून झाडापर्यंतची पावलं, आणि झाडापासून पाण्याकडचं सगळं शिकम, तलावाचं पोट. मागं कुणीतरी "अय्यो" म्हणालं.

मुलीचं पेन थांबलं. "आप इधरीच रहते?"

"तिसरे माले पर," अण्णा म्हणाले. "पीछे की तरफ."

तिनं ते लिहून घेतलं नाही, पेनाला टोपण लावलं. मग माणसांना म्हणाली, दगड शोधा.

दगड सापडला तो मागच्या, पाण्याकडच्या प्लॉटमध्ये. त्यावर कुणीतरी म्हशीचं दावं बांधलं होतं. तिथून मोजणी सुरू झाली. फीत ओढणारा माणूस पुढे पुढे येत होता आणि आम्ही सगळे त्याच्या पायांकडे बघत होतो. तो आमच्या कंपाउंडची भिंत ओलांडून आत आला. क्लबरूमच्या दारातून आत शिरला आणि मागच्या खिडकीतून फीत बाहेर दिली. पार्किंगच्या पत्र्याखाली आला. मागच्या बाजूच्या गाड्या संपल्या. बिल्डिंगच्या खांबांकडे आला, अजून आला, आणि थांबला. खाली वाकून त्यानं चुन्याची मूठ सोडली.

पांढरी रेघ आमच्या मागच्या खांबांपासून साडेचार पावलांवर होती. साडेचारच. मी नंतर कितीतरी वेळा चालून मोजली आहेत. रेघेपलीकडे क्लबरूम, पत्र्याची शेड आणि प्रसादरावांची नवी गाडी. रेघेअलीकडे माझं घर.

मी तिथंच, चुन्याच्या रेघेशेजारी, फरशीवर बसकण मारली. केतकीनं मागून येऊन मला घट्ट धरलं आणि चिल करायचं सोडून स्वतःच ओक्साबोक्शी रडायला लागली. शेजारीपाजारी एकमेकांच्या पाठी थोपटत होते. प्रसादराव मात्र आपल्या गाडीकडे बघत कुरकुरले, "एक लाइन छोड दिए रहते तो..." मुलीनं कागद बॅगेत घालता घालता ते ऐकलं. ती म्हणाली, "पुराने नक्शे में आपका पूरा नंबर तलाव में है, सर. आज भी कैफियत खाली आता, तो मैं गेट तक लाल निशान मारती. बाजू की कॉलनी में कल वैसाच किया." मग तिनं थंड झालेला चहा उचलून एका घोटात संपवला आणि गेली.

क्लबरूम पडायला वीस मिनिटंही लागली नाहीत. आत एक पिंगपाँगचं टेबल होतं, त्यावर कुणी कधी खेळलेलं मी पाहिलं नव्हतं. शेड गेली, भिंत गेली, आणि गॅलरीतून कुंटा एकदम जवळ आला. प्रसादराव तीन दिवस रुसून बसले. गाडी उन्हात ठेवावी लागते म्हणून. चौथ्या दिवशी पूतरेकुलू या मिठाईचा खोका घेऊन आले आणि अण्णांना म्हणाले, "शुगर है क्या आपकू? है तो भी खाओ आज." तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी पत्ते खेळतात. अण्णा लबाडी करतात हे प्रसादरावांना अजून कळलेलं नाही.

आता आसपासच्या कॉलन्यांतून लोक येतात, हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत नकला. बिछान्यावर पाय मुडपून बसलेल्या अण्णांना "आपने पढे तो मॅडम मान्ते बोले" असं सांगतात. ज्या शहरात शिक्क्याला किंमत उरली नाही तिथं एका म्हाताऱ्याच्या तोंडी वाचनाला आली, याचं मला हसूही येतं आणि बरंही वाटतं. काहींच्या रकान्यात वाईट बातमी निघते. अण्णा ती सांगतात. लोक रडतात, चिडतात, एकानं तर नक्कल त्यांच्यासमोर फाडली. पण पुन्हा येतात, दुसरी नक्कल घेऊन. पाण्याकाठची ती मिसळणाच्या डब्याची बाई मला मात्र पुन्हा कुठं दिसली नाही. बसमध्ये तिच्यासारखी कुणी दिसली तर मी वाकून बघते.

घर वाचलं, तरी वर्षभर माझ्या छातीवर एक दगड होताच. अण्णांनी त्या दिवसाबद्दल मला एका शब्दानं विचारलं नाही, टोमणा मारला नाही. त्यांनी मारला असता तर बरं झालं असतं. त्यांच्या वरणात मी तूप जास्त घालायची, चष्मा न सांगता पुसून ठेवायची. काहीतरी फेडायचा प्रयत्न करावा तशी. या घरात एक खरा माणूस राहतो आणि एक त्याला बिघडवायला निघालेली बाई, असं मला वाटायचं.

परवा चहा घेऊन बसलो तेव्हा शेवटी मी बोलले. "अण्णा, गेल्या वर्षी मी तुम्हाला तसं म्हणायला नको होतं."

"कसं?"

"ती ओळ सोडा म्हणून."

अण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "सोडली हुती की."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"लिहिला हुता तसा कागद," ते म्हणाले. "कैफियत निरंक. खाली सहीबी केली हुती. डाव्या खिशात तो घातला अन् उजव्या खिशात खरा. लिफ्टमधून उतरलो तवा बी ठरलं नव्हतं कुठला काढायचा ते. खरं सांगू का सुधे? हात डाव्या खिशाकडंच चालला हुता."

"मग?"

"मग ती पोरगी उठली अन् खुर्ची दिली. म्हनली शिक्का नको, तुम्ही बोला, मी लिहून घेते." त्यांनी बशी खाली ठेवली. "सारी नोकरी केली मी. माझ्या सहीखाली दुसऱ्याची सही लागायची, त्याच्यावर तिसऱ्याची, अन् तरीबी साहेब मान हलवायचे. असं कुनी म्हनलं नव्हतं मला. आता असं म्हनल्यावर खोटं कसं बोलावं मानसानं? दोन्ही कागद खिशातच ठिवले अन् जुनाच वाचला सरळ."

खरं तर मला धक्का बसायला हवा होता. ज्या माणसाच्या सचोटीवर मी लहानाची मोठी झाले, त्यानं माझ्यासाठी खोट्यावर सही केली होती. पण मला धक्का बसला नाही. माझ्या खांद्यांवरून कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखं झालं, इतकं की डोळे आपोआप भरून आले.

"रडायलीस कामून?" अण्णा घाबरून म्हणाले. "फाडला तो. कवाच फाडला."

"फाडायला नको होता," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो.